चाळिशीनंतर पोट का सुटतं? कोल्हापूरच्या खुराकात त्याचं उत्तर आहे

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी समोर म्हैस पिळून धारोष्ण दुधाचा ग्लास हातात देतात. ही तालमींच्या शहराची सवय. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण हा खुराक लाल मातीत तासन्‌तास घाम गाळणाऱ्या मल्लांसाठी होता, आणि त्यांच्या अंगी तो लागायचा.

आखाडा सुटतो तेव्हा जोर-बैठका थांबतात, खुराक मात्र सुटत नाही. कुस्ती सोडलेल्या पैलवानाच्या पोटाची थट्टा होते, पण चाळिशी ओलांडलेल्या दुकानदाराचं किंवा शिक्षिकेचं होतं ते हेच, फक्त सावकाश.

‘वय झालं, चयापचय मंदावलं’ हे त्यावरचं ठरलेलं स्पष्टीकरण. 2021 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने त्याला धक्का दिला. 29 देशांतल्या 6,400 हून अधिक लोकांच्या मोजणीत, शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण जमेस धरल्यावर, वयाच्या 20 ते 60 या काळात ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर दिसला. घसरण साठीनंतरची.

मग बदलतं काय? हालचाल कमी होते आणि न वापरलेले स्नायू घटतात. रजोनिवृत्तीच्या सुमारास बायकांमध्ये चरबी पोटाभोवती साठू लागते. ताटातलं माप मात्र पंचविशीतलंच राहतं. म्हशीच्या दुधाच्या अडीचशे मिलीच्या ग्लासात सुमारे अडीचशे कॅलरी असतात. सत्तर किलोचा माणूस पाऊण तास भरभर चालला, तरी खर्च होतात साधारण तेवढ्याच, बहुधा थोड्या कमी. मिसळीवरचा कट तर अजून हिशेबात धरलेलाच नाही!

महाराष्ट्रात वाद रंगला तो मात्र किती वेळा खावं यावर. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला दोनदाच जेवण्याचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोहोचवला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खायला सांगतात. चीनमधल्या ग्वांगझू इथे 139 लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर झालेला प्रयोग 2022 साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी करून दिल्या, एका गटाने फक्त सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेत खाल्लं. वजन घटण्यात लक्षणीय फरक पडला नाही. दोनदा जेवून ज्यांचं वजन उतरतं, त्यांचं एकूण खाणंच कमी झालेलं असण्याची शक्यता जास्त. मधल्या वेळचा चहा-बिस्किटं आणि फरसाण सुटतं, हेही काही थोडं नाही.

प्रश्न दिसण्याचा नाही. 2023 मध्ये जाहीर झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीत देशातल्या 39.5 टक्के प्रौढांमध्ये पोटाचा लठ्ठपणा आढळला, तर मधुमेहींची संख्या 10 कोटींवर गेली. भारतीयांमध्ये वजन फारसं वाढलेलं नसतानाही पोटात चरबी साठते, म्हणून काट्यापेक्षा कमरेचं माप जास्त सांगून जातं: पुरुषांमध्ये 90 सेंटिमीटर, स्त्रियांमध्ये 80. त्यापुढे गेलेल्यांनी रक्तातली साखर तपासून घेतलेली बरी.