रानाचा राखणदार

झपाटलेल्या रानाची गोष्ट मराठी घराला नवी नाही. गोव्यातील सत्तरीपासून सावंतवाडीपर्यंत आणि घाट चढून खानापूर-बेळगावकडे वळले तरी जुन्या माणसांच्या तोंडी एखादी तरी राई अशी सापडते, की जिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीत घालीत नाही. तिथे राखणदार असतो. कोणी त्याला राखणो म्हणतात, कोणी देवचार. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्या मोठ्या चामड्याच्या वहाणा अर्पण करतात, कारण रात्री गावाची राखण करीत फिरताना त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. वेतोबा म्हणजे वेताळच, भुतांचा राजा. आणि गावाची राखण त्याच्याकडे! इंदूर-ग्वाल्हेरच्या वाड्यांत वाढलेल्या पिढ्यांना देवराई पाहावयास मिळाली नसेल, परंतु ‘तिन्हीसांजेला त्या झाडाखाली जाऊ नये’ ही ताकीद त्यांनीही ऐकलेली असते.

अशा रानांविषयी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ती ओसाड म्हणून भयाण नसतात. पंचक्रोशीतले सर्वांत जुने, सर्वांत सरळ वाढलेले आणि बाजारात सर्वांत अधिक किंमत येईल असे वृक्ष नेमके तिथेच उभे असतात. मग एक दिवस कोणीतरी कुऱ्हाड घेऊन आत शिरतो. त्यानंतर राखणदाराची जी गोष्ट सांगितली जाते ती बहुधा लाकूड नेणाऱ्याने सांगितलेली असते, आणि तिच्यात राखणदार हा राक्षस झालेला असतो.

या प्रकारच्या अतिप्राचीन लिखित कथांपैकी एक इराकच्या भूमीतली आहे. उरूक नगरीचा राजा गिल्गामेश आणि त्याचा जिवलग सखा एन्किडू यांचे महाकाव्य निनवे येथे असुरबानिपाल राजाच्या ग्रंथालयात, इसवी सनापूर्वीच्या ७ व्या शतकातील मृत्तिकापटांवर, १९ व्या शतकातील उत्खननात सापडले. त्याच्या पाचव्या पटावर सीडर वृक्षांच्या रानाची कथा आहे. एन्लिल या श्रेष्ठ देवाने त्या रानावर हुंबाबा नावाचा रक्षक नेमला होता. त्याच्या आवाजात महापुराचा गडगडाट, तोंडात अग्नी आणि श्वासात मृत्यू. रानात कोठेही पान हलले तरी कितीतरी योजनांवरून त्याला चाहूल लागे. ब्रिटिश म्युझियममध्ये सिप्पर येथील एक लहानसा मातीचा मुखवटा आहे, त्यावर हुंबाबाचा चेहरा आतड्यांच्या वेटोळ्यांचा बनविलेला आहे. मुले दचकावीत असाच तो आहे.

गिल्गामेशाला या रानात काय हवे होते? एक तर कीर्ती. दुसरे, लाकूड. युफ्रेटिस आणि टायग्रिस यांच्या गाळाच्या मैदानात खजूर होता, झाऊ होता, वाळुंज होता, बोरू तर हवा तितका होता. पण मंदिराच्या दालनावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचेल असा सरळ वासा त्या देशात उगवतच नव्हता. सीडर उंच वाढतो, त्याला कीड सहसा लागत नाही, आणि त्याचा सुगंध वर्षानुवर्षे टिकतो. चिखलाच्या विटांनी घरे बांधणाऱ्या लोकांना असे लाकूड देवलोकातून आल्यासारखे वाटले तर नवल नाही.

निघण्यापूर्वी उरूकच्या वृद्धांनी राजाला परोपरीने समजावले. वाटेत त्याला पाच स्वप्ने पडली आणि ती एकाहून एक भयंकर होती. डोंगर अंगावर कोसळतो, आकाश गरजते, विजा पडतात. एन्किडूने मात्र प्रत्येक स्वप्नाचा अर्थ शुभच सांगितला! आपल्याकडे कोकणात नि गोव्यात राईतले झाड देवळाच्या दुरुस्तीसाठी जरी लागले तरी देवाला कौल लावतात, आणि कळी डावीकडची पडली तर निमूटपणे घरी परततात. इथे पाच वेळा कळी डावीच पडली, आणि सोबत्याने पाचही वेळा ती उजवी म्हणून वाचली.

हा एन्किडू स्वतः रानातला. हरणांच्या कळपात वाढलेला, त्यांच्याबरोबर पाणवठ्यावर जाणारा. हुंबाबाला तो जुना ओळखीचा. अखेरीस सूर्यदेव शमशने तेरा वारे सोडून हुंबाबाला जखडले, तेव्हा त्याने गयावया केली: मला जिवंत ठेवा, मी तुमचा चाकर होईन, तुम्ही म्हणाल तितकी झाडे तुमच्यासाठी राखीन. राजाने कदाचित ऐकलेही असते. घाई केली ती एन्किडूने. एन्लिलच्या कानावर जाण्याआधी याला संपव, असा त्याचा आग्रह.

या महाकाव्याहून जुनी अशी एक सुमेरी कविता आहे आणि प्रस्तुत लेखकास ती अधिक अस्वस्थ करते. तीत रक्षकाचे नाव हुवावा. त्याच्या अंगाभोवती सात तेजोवलये आहेत, आणि ती असेपर्यंत त्याच्या जवळ कोणी जाऊ शकत नाही. गिल्गामेश तिथे शौर्याने नव्हे, लबाडीने जिंकतो. आपल्या बहिणी तुला देतो म्हणतो, उंची पीठ देतो, रत्ने देतो, लहान-मोठे जोडे देतो. (वेतोबाला वहाणा भक्तीने मिळतात, हुवावाला जोडे फसवणुकीने देऊ केले, चार हजार वर्षांच्या अंतरावरचा हा योगायोग मोठा चमत्कारिक आहे.) प्रत्येक भेटीच्या मोबदल्यात हुवावा एकेक तेजोवलय उतरवून देतो, आणि राजाबरोबर आलेले उरूकचे तरुण काय करतात? त्या तेजाच्या फांद्या छाटतात, मोळ्या बांधतात आणि डोंगराच्या पायथ्याशी रचून ठेवतात. म्हणजे राखणदाराचे तेज आणि रानाचे लाकूड या दोन वस्तू नव्हतच. पुढे एन्लिल संतापतो आणि ती सात तेजे शेते, नद्या, लव्हाळी, सिंह, राने अशांमध्ये वाटून टाकतो. शेवटचे तेज बंदिशाळेची देवी नुंगल हिच्या वाट्याला जाते.

अक्कादी महाकाव्याचा पाचवा पट बरीच वर्षे तुटका होता. २०११ साली इराकच्या कुर्दिस्तानातील सुलेमानिया येथील संग्रहालयाने तस्करांच्या हाती लागलेले काही मृत्तिकापट विकत घेतले, त्यांत या पटाचा एक मोठा तुकडा निघाला. फारूक अल-रावी आणि अँड्र्यू जॉर्ज या विद्वानांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे वीस ओळी नव्याने हाती आल्या आणि चित्रच पालटले. रान भयाण नाही, ते आवाजांनी भरलेले आहे. पक्षी एकमेकांना साद घालतात, रातकिडे किरकिरतात, माकडे झाडांवरून चीत्कारतात. आणि जणू एखाद्या राजाच्या दरबारात नित्य संगीत चालावे, तसा हा नाद हुंबाबाच्या समोर चालला आहे. राक्षसाच्या जागी एक रसिक अधिपती दिसतो. वृक्ष पडल्यानंतर एन्किडू आपल्या मित्राला म्हणतो की आपण या रानाचे उजाड माळरान करून टाकले, आता निप्पूरला एन्लिलला काय उत्तर द्यायचे?

उत्तर म्हणून त्याने जे योजिले ते फारच मानवी आहे. सर्वांत उंच सीडरचा त्याने दरवाजा करविला: ७२ हात उंच, २४ हात रुंद, १ हात जाड. तराफा बांधून तो युफ्रेटिसमधून निप्पूरला नेला आणि ज्याचे रान तोडले त्याच एन्लिलच्या मंदिराला अर्पण केला. देवाची चोरी करून देवालाच दान देण्याची ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही. एन्लिलने दान स्वीकारले की नाही, हे काव्य सरळ सांगत नाही. हुंबाबाने मरताना शाप दिला होता की या दोघांना म्हातारपण दिसू नये. एन्किडू आजारी पडतो, आणि मृत्युशय्येवरून ज्याला प्रथम शिव्याशाप देतो तो कोणी शत्रू नव्हे, तर तो दरवाजा. दरवाजाला कान नसतात, कळत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी तो त्याच्याशी माणसाशी बोलावे तसा बोलतो. असे फळ मिळणार हे आधी कळले असते तर तुलाच कुऱ्हाडीने फोडून टाकले असते, म्हणतो. लाकूड नेण्याच्या बाजूने लिहिलेल्या काव्यात हा प्रसंग यावा, हेच त्या अज्ञात कवींचे मोठेपण.

काव्यातले रान हळूहळू लेबनॉनच्या डोंगरांशी जोडले गेले, आणि खऱ्या इतिहासातही तिथे कुऱ्हाड थांबली नाही. लगाशचा राजा गुदेआ याने इसवी सनापूर्वी २१०० च्या सुमारास अमानुस पर्वतावरून ६० हात आणि ५० हात लांबीचे सीडरचे ओंडके आणल्याचे कोरून ठेवले आहे. त्याच्याच लेखांत मगन, दिलमुन आणि मेलुहा या देशांहून लाकूड आल्याचाही उल्लेख आहे. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा लोथलच्या गुजरातेत राहणाऱ्या आपल्या वडोदऱ्याच्या वाचकांना या कथेत एक दूरचा वाटा सांगावयास हरकत नाही. मिसरचा राजा खुफू याच्या पिरॅमिडपाशी १९५४ मध्ये सापडलेली सुमारे ४३ मीटर लांबीची नौका मुख्यतः लेबनॉनच्याच सीडरची आहे.

वेनामुनची हकीकत तर एखाद्या कचेरीतल्या खेट्यांसारखी वाचनीय आहे. इसवी सनापूर्वी ११ व्या शतकातला हा मिसरी अधिकारी अमून देवाच्या नौकेसाठी लाकूड मागावयास बिब्लोस बंदरात गेला. तिथला राजा त्याला रोज निरोप धाडी, ‘माझ्या बंदरातून चालता हो.’ असे २९ दिवस चालले. वेनामुन म्हणे, लेबनॉन अमून देवाचाच आहे. राजाने वाडवडिलांच्या वेळच्या हिशेबाच्या वह्या काढून दाखविल्या: देवाचे असेल, पण पूर्वी पैसे मोजून नेत होता! शेवटी मिसरहून सोने, चांदी, तलम वस्त्रे, ५०० बैलांची कातडी, ५०० दोर, २० पोती मसूर आणि ३० टोपल्या मासळी आली, तेव्हा राजाने ३०० माणसे आणि ३०० बैल डोंगरावर पाठविले. इथे हुंबाबा नाही, भीती नाही, शापही नाही. फक्त दर ठरलेला आहे, आणि दर ठरला की रान किती वेगाने खाली येते ते यावरून दिसते.

बाबिलोनच्या नेबुखद्नेझरने लेबनॉनमधील वादी ब्रिसा येथे आपण स्वहस्ते सीडर तोडल्याचे आणि ओंडके नेण्यासाठी डोंगर फोडून वाट केल्याचे खडकावर कोरविले. रोमन सम्राट हेड्रियन (राज्यकाल इ. स. ११७ ते १३८) याने उलट प्रकार केला. चार जातींचे वृक्ष सम्राटाचे म्हणून राखीव, बाकीचे लोकांचे, अशा आशयाची अक्षरे त्याने उत्तर लेबनॉनच्या खडकांवर कोरविली. असे दोनशेहून अधिक लेख आजवर सापडले आहेत. हुंबाबाच्या जागी सरकारी पाटी आली, एवढाच अर्थ. पाटी राहिली, झाडे गेली. पहिल्या महायुद्धात तुर्की आगगाड्यांच्या इंधनासाठीही लेबनॉनची झाडे तुटली.

मग उरले काय? कादिशा खोऱ्याच्या माथ्यावर ब्शर्रे गावाजवळ जुन्या सीडरांची एक लहानशी राई आहे. तिचे अरबी नाव ‘अर्झ अल-रब’, म्हणजे देवाचे सीडर. तिथे मारोनी ख्रिस्ती पंथाचे एक छोटे प्रार्थनामंदिर आहे, आणि पंथाच्या धर्मगुरूंनी ती राई पिढ्यान्‌पिढ्या आपली मानली. शेळ्या कोवळी रोपे खात म्हणून १८७६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या खर्चाने भोवती दगडी कुंपण घातले गेले. १९९८ साली युनेस्कोने खोऱ्यासह या राईचा जागतिक वारशात समावेश केला. ही राई म्हणजे देवराईच. तिला आपण दुसरे कोणते नाव देणार? आपल्याकडच्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात केला, तेव्हा त्यांनाही सह्याद्रीत हेच दिसले होते की भोवतालचे डोंगर उघडे पडले तरी देवाच्या नावाचा तुकडा शाबूत राहिला.

लेबनॉनचा सीडर आणि हिमालयातला देवदार हे एकाच प्रजातीतले, सख्ख्या नात्याचे वृक्ष आहेत. ‘दारु’ म्हणजे लाकूड. आपल्या पूर्वजांनी त्या झाडाचे नावच देवाचे लाकूड असे ठेवले. आणि काय योग पाहा, त्याच्यासाठीही एक राखणदार नेमला गेला. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात कालिदासाने तो उभा केला आहे. शंकराने पुत्र मानलेला एक देवदार आहे. एका रानहत्तीने गंडस्थळ घासले आणि त्याची साल निघाली, तर कार्तिकेयाला असुरांचे बाण लागावेत तसे पार्वतीला दुःख झाले. तेव्हापासून हत्तींना दूर ठेवण्यासाठी कुंभोदर नावाचा शिवगण सिंहरूपाने त्या गुहेत राहतो, आणि जवळ येईल त्या प्राण्यावर त्याचा निर्वाह ठरवून दिलेला आहे.

दिलीप राजा वसिष्ठांच्या नंदिनीला चारीत तिथे येतो आणि सिंह तिला धरतो. राजा बाणासाठी भात्याकडे हात नेतो, तो हात तिथेच चिकटतो. मग सिंह माणसाच्या वाणीने आपली हकीकत सांगतो. गिल्गामेशाच्या आणि दिलीपाच्या कथा इथपर्यंत जवळजवळ सारख्या चालतात: देवाचा वृक्ष, देवाने नेमलेला भयंकर रक्षक, समोर शस्त्रधारी राजा. परंतु दिलीप त्या रक्षकाला राक्षस म्हणत नाही. तुझा धनी तुझ्यावर जे सोपवून गेला ते तू जिवापाड राखतोस, तसेच मलाही माझ्या गुरूचे धन राखावयाचे आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे. आणि गायीच्या बदल्यात तो स्वतःचा देह पुढे करतो. दोन राखणदारांचे ते बोलणे आहे. सिंह ही नंदिनीचीच माया होती हे पुढे उघड होते. देवदार मात्र सर्गभर आपल्या जागी उभा आहे, एका बाजूची साल निघालेला.