आधी वाचा, मग सही करा

पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्जविभागात. समोरचा माणूस शेतकरी असो की कारखानदार, कागद पुढे सरकवला की तो एवढंच विचारायचा, 'साहेब, सही कुठं करू?' 'अहो, आधी वाचा तरी!' हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, त्याची गणती नाही. आणि गेल्या वर्षी दातांच्या दवाखान्यात इंग्रजीतला, बारीक टायपातला कागद समोर आला, तेव्हा मी काय केलं? चष्मा घरी राहिला होता. मीही विचारलं, 'सही कुठं करू?'

दुखणं खालच्या जबड्यातल्या दाढेचं. जुनं रूट कॅनाल केलेली ही दाढ सुपारीच्या एका खांडानं हिरडीपाशी तुटली. आत मुळं तेवढी राहिली, चिमट्यात धरायला काही उरलं नाही. अशी दाढ नुसती उपटून निघत नाही. हिरडीला छेद द्यावा लागतो, लागलं तर मुळाभोवतीचं थोडं हाड कोरावं लागतं, मुळं सुटी करून काढावी लागतात आणि वर टाके घालावे लागतात. आडव्या अडकलेल्या अक्कलदाढेपायी तरुणांच्या वाट्यालाही हेच येतं. लहान असली, तरी ही शस्त्रक्रियाच.

सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. एक म्हणाले, दाढ काढली की नजर अधू होते. (याला काडीचाही आधार नाही. दृष्टीची नस वेगळी, दातांची वेगळी.) दुसरे म्हणाले, 'रक्त पातळ करायची गोळी आठ दिवस बंद ठेवा, नाहीतर रक्त थांबायचं नाही.' माझ्या हृदयात स्टेंट आहे. तरीही मी गोळी बंद केली. कुणाला विचारलं नाही, पत्नीलाही सांगितलं नाही.

डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. माझी सही झालेला कागद हातात घेऊन म्हणाल्या, 'काका, औषधांचा रकाना कोरा आहे.' मी मोठ्या शहाणपणाच्या आवेशात गोळी बंद केल्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. 'तोंडातलं रक्त मी दाबून धरीन, टाके घालून थांबवीन. पण स्टेंटमध्ये गुठळी झाली तर इथं बसून मी काय करू?'

त्या दिवशी दाढेला हात लागला नाही. माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन झाला, गोळी पुन्हा सुरू झाली, आणि ती चालू असतानाच पुढच्या आठवड्यात दाढ निघाली. रक्त जरा जास्त वेळ आलं, इतकंच.

तेव्हा पहिली गोष्ट, काही लपवू नका आणि मनानं काही बंद करू नका. मधुमेह, रक्तदाब, एखाद्या औषधाची ॲलर्जी, सारं सांगा. हाडांच्या ठिसूळपणावर गोळ्या किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन घेत असाल, तर तेही. दाढेशी त्याचा काय संबंध, असं वाटतं. पण अशा काही औषधांमुळे जबड्याचं हाड भरून येताना अडचण होऊ शकते.

दुसरी गोष्ट, विचारा. दाढ काढण्यावाचून इलाज नाही का? एक्स-रेमध्ये मूळ नसेच्या किती जवळ आहे? खालच्या दाढेपाशी ओठाची नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो, बहुधा काही काळ, क्वचित कायमचा. खर्च किती? रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा?

नंतरचं पथ्य सोपं आहे. बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, ती जखमेवरचं झाकण. बँकेच्या भाषेत, ही ठेव मुदतीपूर्वी मोडायची नाही! पहिले चोवीस तास चूळ भरणं, थुंकणं, स्ट्रॉनं ओढणं नको. विडी, तंबाखू, मिशरी तर जखम भरेपर्यंत नकोच. सूज दोन-तीन दिवस वाढते, मग उतरते. पण कमी होत आलेलं दुखणं पुन्हा उसळलं, ताप आला, गिळताना त्रास झाला, तर लवंगेच्या तेलावर विसंबू नका. दवाखाना गाठा. श्वास घ्यायला जड जात असेल, तर थेट मोठं रुग्णालय.

सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली समीरा कोहली खटल्यात सांगितलं आहे, की उपचार काय, धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, याची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती तीच खरी संमती. मग हा कागद मराठीत का नसावा? बाहेर रांग असते, वेळ नसतो, हे मला मान्य. आमच्या काउंटरवरही हीच सबब असायची. तिथं वाचवलेल्या पाच मिनिटांपायी पुढे वर्षानुवर्षं फायली फिरत. पण दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. विचारलं तर डॉक्टरांना राग येईल, या भिडेपोटी गप्प बसणारे आपणच.

दुसऱ्या खेपेला मी चष्मा आठवणीनं नेला. कागद वाचला, न कळलेलं विचारलं. बाहेरची मंडळी घड्याळाकडे बघत होती. डॉक्टरबाईंनी मात्र सगळी उत्तरं दिली, आणि मग मी पेन उघडलं.