नाव नसलेला निवेदक

गांजा पकडल्याची बातमी खामगावच्या वृत्तपत्रवाचकाला नवी नाही, आणि तिचे पहिले वाक्यही नवे नाही: पोलिसांना गुप्त बातमीदाराकडून खात्रीलायक माहिती मिळाली. पुढे सापळा, पंच, जप्ती, अटक. निवेदकावर विश्वास कितपत ठेवावा, हे विचारायला आम्ही वर्गात शिकवतो. या वाक्यापुढे मात्र आम्हीही मुकाट्याने पुढच्या ओळीकडे वळतो. ‘खात्रीलायक’ हे विशेषण लावले कोणी? ज्याने माहिती घेतली, त्यानेच.

मराठीत ‘बातमीदार’ हा शब्द वर्तमानपत्राच्या प्रतिनिधीलाही चालतो आणि पोलिसांच्या खबऱ्यालाही. पहिल्याच्या मजकुराची जबाबदारी घ्यायला निदान संपादक असतो. दुसऱ्याच्या बाबतीत १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचे कलम ६८ सांगते की, माहिती कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येणार नाही. त्यामागची भीती खोटी नव्हे. नाव फुटले तर जीव जाऊ शकतो. पण त्याच कायद्याचे कलम ५८ द्वेषबुद्धीने खोटी माहिती देऊन झडती वा अटक घडवणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. भाऊबंदकीच्या वादात कोणी चुलत्याच्या गोठ्यात गांजाचे पोते असल्याचे कळवले, आणि ते पोते तिथे ठेवणाराही तोच निघाला तर? शिक्षा लिहिलेली आहे. ती कोणाला करायची, हे विचारण्याची सोय नाही.

मग न्यायालयाच्या हाती उरते काय? एक चिठ्ठी. कलम ४२ प्रमाणे बंदिस्त जागेची झडती घेण्यापूर्वी मिळालेली माहिती लिहून काढावी लागते आणि तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठाकडे धाडावी लागते. (२००१ च्या दुरुस्तीपूर्वी ती ताबडतोब धाडावी लागे. बसस्थानकासारख्या सार्वजनिक जागी तर कलम ४३ लागते, तिथे चिठ्ठीचीही गरज नाही.) करनैल सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटले की, या तरतुदीचे पालन मुळीच न करणे चालणार नाही, मात्र समाधानकारक खुलासा असल्यास उशीर चालेल. वाटेत असलेल्या अधिकाऱ्यापुरती ही सवलत आम्हांस रास्त वाटते. ठाण्यात बसून निवांत मिळालेल्या माहितीलाही ती मिळू लागली, तर चिठ्ठी छाप्यानंतर लिहिली गेली की आधी, हे कळणार कसे? पोत्यांची संख्या, वजन, आरोपीच्या सदऱ्याचा रंग, सारे जुळणारी चिठ्ठी आम्हांस अधिकच संशयास्पद वाटते. पुढे काय घडणार हे इतके नेमके ठाऊक असलेला मजकूर बहुधा घडून गेल्यावर लिहिलेला असतो.

कौटिल्याने तीन हेरांचे सांगणे जुळले तरच विश्वास ठेवावा असे म्हटले होते. इंग्लंडमध्ये १८९० च्या मार्क्स विरुद्ध बेफस खटल्यापासून, निर्दोषत्व दाखवण्यासाठी आवश्यक असेल तर खबऱ्याचे नाव उघड करण्याचा अपवाद मान्य आहे. आमच्या कलम ६८ च्या शब्दांत असा अपवाद नाही. तो संसदेने घालावा. नाव आरोपीला न सांगता निदान न्यायाधीशाला बंद दालनात कळावे, एवढेच आमचे म्हणणे. गांजा २० किलोहून अधिक असेल तर किमान शिक्षा दहा वर्षांची आहे आणि जामीनही सहजी मिळत नाही.

खामगावच्या सत्र न्यायालयाच्या निकालावरचे अपील नागपूर खंडपीठापुढे जाते. तिथेही बातमीदार पोचत नाही. पोचते ती त्या चिठ्ठीची प्रत, आणि नोंदवली असेल तर तिच्यावरची वेळ.