कळसूबाईला निघताय? शनिवारची रात्र टाळा!

पावसाळा लागला की अकोले तालुक्यातल्या बारी गावाला शनिवारी रात्री झोप नसते. मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्या एकामागून एक येत राहतात. कळसूबाई हे राज्यातलं सर्वोच्च शिखर, उंची १६४६ मीटर. 'एकदा तरी जायचंच' म्हणणारे कमी होणार नाहीत. पण ही गर्दी एकाच वेळी का उसळते?

कारण सगळ्यांनाच सूर्योदय पाहायचाय. चढायला तीन-चार तास लागतात, म्हणून सगळे मध्यरात्रीनंतर निघतात. गंमत म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये माथा बहुतेक वेळा ढगातच असतो. सूर्य दिसतो तो मोबाईलमधल्या दुसऱ्या कुणाच्या फोटोत!

खरी अडचण लोखंडी शिड्यांवर होते. दर अर्ध्या मिनिटाला एक माणूस शिडीला लागला असं धरा, म्हणजे तासाला १२०. एका पहाटे ५०० जण आले तर शेवटच्याचा नंबर लागायला चार तास जातात. त्यात उतरणारेही याच वाटेवर. अंधार, ओलं लोखंड आणि मागून 'चला ना भाऊ' म्हणणारी रांग. इथे एकाचा पाय घसरला तर खालचेही अडचणीत येतात. मग जखमीला झोळी करून खाली कोण आणणार? आधी धावतात ती बारीचीच पोरं. पुढे गाडीनं राजूर गाठायचं.

गर्दी वाढली की बंदीची मागणी होते. पण बंदीचा पहिला फटका पार्किंग आणि पिठलं-भाकरीवर चार पैसे मिळवणाऱ्या घरांना बसतो. त्यापेक्षा पायथ्याला नोंद ठेवून तासाला ठरावीक माणसंच वर सोडावीत. हा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा वनविभागानं पुढाकार घ्यावा आणि ग्रामपंचायतीला सोबत घ्यावं. मात्र बरेच जण घोटीवरून, म्हणजे नाशिक जिल्ह्यातून येतात. गाड्या तिकडेच थोपवायच्या तर दोन्ही जिल्ह्यांचं बोलणं व्हायला हवं.

तोवर आपलं नियोजन आपल्या हातात. शक्यतो मंगळवार-बुधवार धरा. सकाळी सहाला बारीतून चालायला लागलात तर दहापर्यंत देवीच्या मंदिरापाशी पोचाल. रेल्वेनं येणाऱ्यांनी इगतपुरी किंवा कसाऱ्याला उतरून घोटीमार्गे यावं. परतीच्या गाडीची वेळ मात्र आधीच विचारून ठेवा. इंदोऱ्याकडूनही एक वाट आहे, पण नवख्यानं वाटाड्याशिवाय त्या भानगडीत पडू नये. नवरात्रात जाणार असाल तर ती यात्रा आहे, ट्रेक नव्हे. नवस फेडायला आलेल्या आयाबायांना शिडीवर आधी जाऊ द्या. आणि जेवणाचे डबे शहरातून आणू नका. चढण्याआधी गावात भाकरी सांगून ठेवली, की उतरेपर्यंत गरम तयार असते.