लिंकरचं तोंड दाबू नका

मंडळी, आज जरा भांडायचंय. 'तू नक्की करतोस तरी काय?' असं विचारणाऱ्या मावश्या-काकांनीही वाचा, अवघड नाहीये.

पंप, मीटर असल्या यंत्रांतल्या चिपसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहितो. त्याचे तुकडे म्हणजे ऑब्जेक्ट फाइली. असे बरेच तुकडे एकत्र बांधले की झाली स्टॅटिक लायब्ररी. ही बांधाबांध करणारं 'एआर' हे हत्यार १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासूनचं आहे. आणि सगळं जोडून देणारा तो लिंकर. लायब्ररी म्हणजे मिसळणाचा डबा समजा. आमटीला मोहरी-हळद हवी तर लिंकर तेवढ्याच वाट्या उचलतो. शिवाय तो डबे डावीकडून उजवीकडे एकदाच बघतो. पुढच्या डब्यातल्या तुकड्याला मागच्या डब्यातलं काही लागलं, तर तो मागे वळत नाही, 'सापडत नाही' म्हणून ओरडतो.

ओरडला की आमच्यातले बरेच जण काय करतात? सगळ्या लायब्रऱ्या फोडून एकच गलेलठ्ठ लायब्ररी बांधतात. फोडताना दोन्हींत 'युटिल्स' नावाची फाइल असेल तर दुसरी पहिलीवर चढून बसते, आणि पहिली गेली हे कोणी सांगत नाही. मग 'होल आर्काइव्ह' लावून अख्खा डबा आमटीत ओततात. आता लिंकर म्हणतो, एकाच नावाची दोन फंक्शनं आहेत. त्यावर उपाय म्हणे 'अलाऊ मल्टिपल डेफिनिशन'! म्हणजे पहिलं मिळेल ते घे आणि गप्प बस.

हे मला अजिबात मान्य नाही. दोन लायब्रऱ्यांत 'सीआरसी१६' आहे असं धरा. मॉडबसवाल्याची सुरुवात सगळे १६ बिट १ ठेवून होते, सेटिंग्ज साठवणाऱ्याची ० पासून. नाव तेच, उत्तर वेगळं. लिंकरने मॉडबसचं उचललं, तर टेबलावर मीटरशी बोलणं झकास चालतं. पण जुन्या फर्मवेअरने साठवलेल्या सेटिंग्ज नव्याला खराब वाटतात, आणि अपडेटनंतर पंप फॅक्टरी सेटिंगवर जाऊन बसतो. आमच्या बदलापुरात पूर्वी घोडे बदलत, म्हणून हे नाव, असं सांगतात. त्या स्वाराला निदान घोडा बदलल्याचं कळत तरी असेल!

'पण एकत्र केलं की सगळं नक्की आत येतं ना?' नाही येत! गलेलठ्ठ झाली तरी ती लायब्ररीच, लिंकर तिच्यातूनही निवडूनच घेतो. स्टार्टअप फाइलीत प्रत्येक इंटरप्टचा एक 'वीक' हँडलर असतो, बहुधा नुसता गोल फिरणारा. तुमचा खरा हँडलर लायब्ररीत एकट्याच फाइलीत असेल, तर लिंकर तिकडे बघतही नाही, कारण नाव त्याला आधीच सापडलेलं असतं. एररही येत नाही. इंटरप्ट आला की यंत्र जागच्या जागी थिजतं.

मग करावं काय? लायब्रऱ्या एकमेकींवर अवलंबून असतील तर तेवढ्याच 'स्टार्ट ग्रुप' आणि 'एंड ग्रुप'मध्ये ठेवा. लिंकर त्या पुन्हा पुन्हा तपासतो. इंटरप्टची ऑब्जेक्ट फाइल थेट द्या. 'होल आर्काइव्ह' लागलंच तर एका लायब्ररीपुरतं, आणि लगेच 'नो होल आर्काइव्ह'ने बंद करा, नाहीतर जीसीसी मागाहून जोडतो त्या लायब्रऱ्याही अख्ख्या येतात. दोन सारखी नावं दिसली तर एक बदला. आणि मॅप फाइल उघडून वाचा हो! कोणता तुकडा कुणामुळे आत आला, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

'डेडलाइन असते रे' हे मला ऐकवू नका. लिंकरची एरर आपल्या टेबलावर येते. ती दाबली की तीच गोष्ट कुणाच्या तरी सोसायटीत, पाण्याच्या वेळेला, बंद पंप होऊन उभी राहते. तिथे मॅप फाइल वाचणारं कोणी नसतं.

असो. पटत नसेल त्यांनी खुशाल भांडायला या.