डेमो झकास, डिलिव्हरी शून्य

परवा जेवताना ऑफिसमधल्या मित्राने ठोकून दिलं, "अरे, नव्वदच्या दशकात इलेक्ट्रिक गाड्या चालल्या नाहीत, कारण टेक्नॉलॉजीच तयार नव्हती." हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. अर्धसत्य आहे ते.

जानेवारी १९९०, लॉस एंजेलिसचा ऑटो शो. जनरल मोटर्सने 'इम्पॅक्ट' ही दोन सीटची इलेक्ट्रिक गाडी मांडली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या हवा प्रदूषण मंडळाने नियम केला: १९९८ पासून मोठ्या कंपन्यांनी तिथे विकलेल्या गाड्यांपैकी २ टक्के बिनधुराच्या हव्यात, २००३ पर्यंत १० टक्के. म्हणजे डेमो दाखवला आणि क्लायंटने डेडलाइनच हातात दिली! मग काय, कंपन्यांची रडारड सुरू. १९९६ मध्ये नियमाचे सुरुवातीचे टप्पे गळाले, २००३ मध्ये उरलेलाही पातळ झाला.

इम्पॅक्टची पुढे 'ईव्ही१' झाली. १९९६ च्या शेवटी रस्त्यावर आली, पण विकायला नाही, फक्त लीजवर. एकूण १,११७ गाड्या बनल्या. नंतर कंपनीने त्या परत घेतल्या आणि बहुतेक चक्क चिरडल्या. २००५ मध्ये बरबँकला लोक उरलेल्या गाड्यांसाठी धरणं धरून बसले, पैसे मोजायला तयार होते. तरी नाही!

मान्य, बॅटरी जड होती, पल्ला कमी होता, गाडी बनवायला महाग होती. पण अपुरी टेक्नॉलॉजी असणं हेच कारण असेल, तर प्रियसचं काय करायचं?

ऑक्टोबर १९९५ च्या टोकियो मोटर शोमध्ये टोयोटाने ठेवलेली प्रियसही कच्चीच होती. वीज साठवायला त्या मॉडेलमध्ये कपॅसिटर होता, विक्रीच्या गाडीत मात्र निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आली. म्हणजे महत्त्वाचा भागच बदलावा लागला. पण डिसेंबर १९९७ मध्ये ती जपानमध्ये विकायला आली. कुणीही पैसे देऊन घरी न्यावी अशी. हायब्रिड करणं सोपं होतं हेही खरं, चार्जिंगची भानगड नाही. पण एकीला गिऱ्हाईक मिळू दिलं आणि दुसरीला नाही, हा फरक इंजिनियरिंगचा नाही, दानतीचा आहे.

आपण सॉफ्टवेअरवाले हे ओळखायला हवं. चकाचक प्रोटोटाइप दाखवून टाळ्या घ्यायच्या, रिलीज पुढे ढकलत राहायचा, आणि शेवटी म्हणायचं "युजरलाच नको होतं"! हे आपण रोज बघतो, कधी कधी करतोही.

तेव्हा पुढच्या वेळी ऑटो शोमध्ये फिरत्या स्टँडवरच्या गाडीबरोबर फोटो जरूर काढा. पण शेजारच्या टायवाल्याला दोनच प्रश्न विचारा: विकणार कधी, आणि केवढ्याला? उत्तरादाखल नुसतं हसू आलं, तर समजून जा, ती गाडी नाही, जाहिरात आहे.