वखारीला कसलें आलें आहे वास्तुशिल्प?

“वखारीला कसलें आलें आहे वास्तुशिल्प? चार भिंती आणि वर पत्रा झाला कीं पुरे!” भिवंडीच्या वाटेवर दुतर्फा पसरलेलीं गोदामें पाहून आमच्या एका सुविद्य स्नेह्यांनीं हे उद्गार काढले. मंदिराला, राजवाड्याला, विद्यापीठाला शिल्प असावें. माल सांठविण्याच्या जागेला त्याची गरज काय, असा त्यांचा आशय होता. हें मत त्यांच्या एकट्याचें असतें तर आम्हीं लेखणी उचलली नसती. पण काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ या गांवांचें आजचें रूप याच मताचें फळ आहे, आणि तें मत आम्हांस सर्वस्वीं चुकीचें वाटतें.

ज्यांच्या व्यवहारबुद्धीविषयीं कोणी शंका घेणार नाहीं अशा लोकांचेंच उदाहरण घेऊं. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा इंग्रज व्यापारी पैपैचा हिशेब ठेवी. त्याच्या लिव्हरपूल शहरांत १८४६ सालीं आल्बर्ट गोदीच्या वखारी उघडण्यांत आल्या. जेसी हार्टली या इंजिनियरानें त्या वीट, दगड आणि लोखंड यांच्याच बांधल्या. सांगाड्यांत लांकूड घातलें नाहीं. बिडाचे खांब, विटांच्या कमानींवर तोललेले मजले, वर लोखंडी पत्र्यांचें छप्पर, अशी ती रचना आहे. धक्क्याकडील जाड खांबांची ओळ आज पाहणारास भव्य वाटते. परंतु तिचें मूळ काम वरच्या मजल्यांचा भार पेलून खालीं माल उतरविण्यास मोकळी जागा ठेवणें हेंच होतें. सौंदर्य तेथें उपयोगाच्या मागोमाग चालत आलें. पुढें त्याच वखारींत चित्रसंग्रहालय आलें. नीट बांधलेली इमारत पहिला धंदा बुडाला तरी गांवाच्या उपयोगी पडते, ती अशी.

यावर कोणी म्हणेल, “आमच्या शेतकऱ्याचा कापूस स्वस्तांत नेऊन ज्यांनीं हीं वैभवें उभारलीं, त्यांचें कौतुक आम्हीं करावें काय?” आक्षेप खोटा नाहीं. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवीच्या काळांत मुंबईचा कापूस लिव्हरपूलकडेच धांवत होता. शिवाय त्या व्यापाऱ्यास हमालाची दया आली म्हणून त्यानें लांकूड टाळलें, असेंहि नाहीं. त्याला भीति होती मालाची. १८६१ सालीं लंडनच्या टूली रस्त्यावरील वखारी पेटल्या, तेव्हां आग अडविण्यासाठीं बसविलेलीं लोखंडी दारें उघडींच राहिलीं होतीं. अग्निशामक दलाचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड हा कोसळत्या भिंतीखालीं सांपडून मेला. तेव्हां विमा कंपन्यांचे डोळे उघडले, आणि १८६६ सालीं लंडनला सार्वजनिक अग्निशामक दल मिळालें. म्हणजे नुसत्या मालाच्या काळजीनें इतकें शहाणपण आलें. स्वतंत्र देशांत माणसाच्या काळजीनें त्याहून अधिक यावयास नको काय?

आगीचा धडा आम्हांसहि मिळाला होता. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजांत भरला होता. शेंकडों माणसें मेलीं आणि गोदीभोंवतालच्या वखारी भस्मसात् झाल्या. काय कशाशेजारीं ठेवावें, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं, हें त्या दिवशीं मुंबईनें पाहिलें.

भिवंडीचीं गोदामें वाढलीं तीं जकातीमुळें. मुंबईच्या हद्दीबाहेर माल ठेवला म्हणजे शहरांत नेईपर्यंत जकात लागत नसे, आणि ग्रामपंचायतींच्या हद्दींत जमीन स्वस्त होती. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला, जकात गेली. गोदामें मात्र वाढतच राहिलीं, कारण आतां घरबसल्या माल मागविण्याचा काळ आला होता. कांहीं गोदामें चांगलीं बांधलेलीं आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण किती तरी ठिकाणीं परवान्याचा पत्ता नाहीं, आणि बंब वळण्यास जागा नाहीं. २९ एप्रिल २०२३ रोजीं वळपाडा येथें एक इमारत कोसळली. तिच्यांत खालीं गोदाम होतें व वर कुटुंबें राहत होतीं. आठ जणांचे प्राण गेले.

याचा दोष केवळ मालकावर आणि अधिकाऱ्यावर टाकून आम्हां सुशिक्षितांस हात झटकतां येणार नाहींत. आज मागविलेली वस्तु उद्यां दारीं हवी, आणि तीहि स्वस्त हवी, असा हट्ट आमचाच आहे. त्या स्वस्ताईंत दोन गाळ्यांमधली आग अडविणारी भिंत वाचविलेली असते, बाहेर पडण्याचें दुसरें दार वाचविलेलें असतें. आमचे स्नेही ज्याला शिल्प म्हणून हिणवितात, तें प्रथम या भिंतीला आणि या दाराला म्हणावें. नक्षी मागाहून आली तर आली. वखारीला वास्तुशिल्प हवें, कारण तिच्यांत माणसें काम करतात. एवढें आम्हीं मान्य केलें, तर सरकाराकडे तें मागण्याचें तोंड आम्हांस राहील.